टूथब्रशचा केस आणि गळ्यावरचा मांजा: नायलॉन आहे तरी काय?

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सकाळी माझी पुतणी दात घासता घासता थांबली. तोंडातून ब्रश काढून म्हणाली, "काका, मांजा नायलॉनचा असते, अन् हा ब्रशही नायलॉनचाच हाय. मग ब्रशनं तोंड काहून नाही कापत?"

शाळेत त्या आठवड्यात मांजा न वापरण्याची शपथ झाली होती, आणि ब्रशच्या वेष्टनावरचा शब्द तिने स्वतः वाचला होता. मी बावीस वर्षे नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर नायलॉनचे रॉड कापतो. बुश, गिअर, रोलर असले किती तुकडे हातून गेले त्याचा हिशेब नाही. तरीही तिला लगेच नीट उत्तर देता आले नाही. हा लेख तिच्या प्रश्नासाठी आहे.

दर जानेवारीत नागपुरात 'नायलॉन' हा शब्द भीतीने उच्चारला जातो. कुणाचा गळा चिरला, कुणाची बोटे कापली, झाडावर घुबड लटकले, या बातम्या रोज येतात. संक्रांतीला उड्डाणपूल दुचाकींसाठी बंद ठेवावे लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आहे. आणि फेब्रुवारी उजाडला की तोच नायलॉन आपण निमूटपणे दातांवर फिरवतो, चेनमध्ये ओढतो, टायरमध्ये घेऊन फिरतो. एकाच पदार्थाची ही दोन रूपे समजून घ्यायची, तर तो आतून कसा आहे इथून सुरुवात करावी लागेल.

मालगाडीचे डबे

अजनीच्या यार्डात मालगाडी जोडताना पाहिली असेल. एकेक डबा येतो, धक्का बसतो, कडी अडकते, आणि बघता बघता अर्धा किलोमीटर लांबीची गाडी उभी राहते. प्लास्टिक असेच बनते. लहान लहान रेणूंचे डबे एकामागे एक जोडून जी लांबच लांब साखळी होते, तिला पॉलिमर म्हणतात. पॉलिथिन, पीव्हीसी, पॉलिएस्टर, नायलॉन हे सगळे पॉलिमरच. डबे कोणते आणि कड्या कशा, यावर प्रत्येकाचा स्वभाव ठरतो.

नायलॉनचा सर्वांत जुना प्रकार आहे नायलॉन ६६. त्यात दोन जातींचे डबे आळीपाळीने लागतात. एकाचे नाव ॲडिपिक ॲसिड, दुसऱ्याचे हेक्सामिथिलिन डायअमाइन. दोघांतही कार्बनचे सहा-सहा अणू, म्हणून नाव ६६. कडी अडकताना दर वेळी पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. दुसरा प्रकार नायलॉन ६. त्यात एकाच जातीचा डबा असतो, आणि तोही सुरुवातीला बांगडीसारखा गोल. बांगडी उघडते, सरळ होते आणि पुढच्या उघडलेल्या बांगडीला जोडली जाते. या बांगडीचे नाव कॅप्रोलॅक्टम. वडोदऱ्याच्या गुजरात स्टेट फर्टिलायझर्स अँड केमिकल्स या कारखान्यात ते बनते. आपल्या बाजारात नायलॉन म्हणून जे मिळते, त्यातला मोठा भाग याच नायलॉन ६ चा.

दोन्ही प्रकारांत डब्यांना जोडणारी कडी एकच आहे. तिला अमाइड बंध म्हणतात. रेशमाच्या धाग्यात, लोकरीत, आपल्या केसांत आणि नखांत प्रथिनांच्या ज्या साखळ्या असतात, त्याही याच कडीने जोडलेल्या आहेत. त्यामुळे नायलॉनला रेशमाचा दूरचा भाऊ म्हटले तर ते खोटे नाही. मुळात तो शोधला गेला तोही रेशमाला पर्याय म्हणून.

टिचबटणांची ताकद

साखळी लांब असून भागत नाही. पॉलिथिनचीही साखळी लांब असते, पण त्याची पिशवी बोटाने ताणली जाते. नायलॉन वेगळा पडतो तो शेजारशेजारच्या साखळ्यांमुळे.

लहान मुलांच्या झबल्याला टिचबटणांची पट्टी असते. एक बटण नखानेही उघडते. पण शंभर बटणांच्या दोन पट्ट्या एकमेकींवर दाबून बसवल्या आणि दोन्ही टोके धरून ओढल्या, तर त्या एकमेकींवरून सरकणार नाहीत. नायलॉनच्या साखळीवर दर थोड्या अंतराने अमाइड कडी असते, आणि शेजारच्या साखळीवरच्या कडीशी तिचे असेच बटण जुळते. एकेक जोड दुबळा, पण एका धाग्यात त्यांची संख्या मोजता येणार नाही इतकी. नायलॉनची चिवटाई इथून येते. नायलॉन ६ वितळायला सुमारे २२० आणि नायलॉन ६६ वितळायला सुमारे २६० अंश तापमान लागते, त्याचेही कारण हेच.

धागा बनवताना आणखी एक गोष्ट होते. वितळलेले नायलॉन शेवेच्या साच्यासारख्या बारीक छिद्रांतून दाबून काढतात. बाहेर आलेला धागा अजून तितका बळकट नसतो, कारण आतल्या साखळ्या गुंतवळासारख्या अस्ताव्यस्त असतात. मग तो मूळ लांबीच्या चार-पाच पट ताणतात. आपल्याकडे बाया हातावर शेवया ताणतात, तेव्हा ओबडधोबड कणकेतून एकसारखी तार निघते. इथेही तसेच होते. साखळ्या एका दिशेने रांगेत येतात, बटणे जुळतात आणि धागा तयार होतो. नायलॉनची कुठलीही दोरी हातात घ्याल तेव्हा हे ताणणे तिच्यात आधीच झालेले असते.

आधी दात, मग पाय

अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन ६६ पहिल्यांदा तयार झाले. त्या काळी रेशीम जपानहून येई आणि महाग असे. कॅरोथर्सला मात्र आपल्या शोधाचे पुढे काय झाले ते पाहता आले नाही. १९३७ मध्ये त्याने आत्महत्या केली. जगाला नायलॉनची घोषणा ऐकायला मिळाली ती त्यानंतर, १९३८ मध्ये. त्याच वर्षी जर्मनीत पॉल श्लाक याने नायलॉन ६ बनवले.

बाजारात पहिल्यांदा नायलॉन आले ते टूथब्रशच्या रूपात, १९३८ सालीच. त्याआधी ब्रशला रानडुकराचे केस लावत. बायकांचे पायमोजे १५ मे १९४० पासून अमेरिकाभर विक्रीला आले आणि रेशमाची जागा गेली. पुढे महायुद्धात सगळे नायलॉन पॅराशूट, दोर आणि टायरकडे वळवले गेले.

न्यूयॉर्क आणि लंडन या दोन शहरांच्या आद्याक्षरांवरून नाव पडले, असे अनेकांना शाळेत सांगितलेले असते. मलाही सांगितले होते. ते खरे नाही. कॉटन आणि रेयॉन या नावांच्या शेवटी जो 'ऑन' येतो, त्याच्याशी जुळेल असे एक नाव कंपनीने घडवले, एवढेच.

नाव मात्र आपल्या भाषेत पार स्वयंपाकघरापर्यंत पोचले. नायलॉन पोहे, नायलॉन साबुदाणा, नायलॉन शेव. यातल्या कशातही प्लास्टिक नसते. नवे कापड जसे पातळ आणि चकचकीत होते तसा पातळ पोहा, तसा चमकता दाणा, म्हणून ते विशेषण चिकटले. चिवड्याला लागणाऱ्या पोह्यांबद्दल मला दोनदा भीतीने विचारले गेले आहे, म्हणून लिहिले.

कारखान्यात आम्ही नायलॉन का घेतो

आता माझ्या कामाचे. लोखंडी शाफ्ट ज्या भोकात फिरतो, त्यात बसवायच्या नळीला बुश म्हणतात. पूर्वी तो पितळेचा किंवा गनमेटलचा असे. आता कित्येक ठिकाणी नायलॉनचा असतो. कारण नायलॉन लोखंडावर घसरते. थोडे वंगण कमी पडले तरी शाफ्टला खात नाही, स्वतः थोडे झिजते. आवाज करत नाही. आणि हलके किती? एका घनसेंटिमीटरचे वजन १.१४ ग्रॅम. पोलादाचे तेवढ्याच तुकड्याचे वजन जवळजवळ सातपट भरते. पेट्रोल, ऑइल, ग्रीस त्याला काही करत नाहीत. त्यात काचेचे बारीक तंतू मिसळले की तो इतका ताठ होतो की मोटारगाडीच्या इंजिनात हवा नेणारा भाग, रेडिएटरच्या टाक्या, विजेच्या एमसीबीची (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या बटणाची) खोकी त्याची बनतात.

पण नायलॉनचा एक स्वभाव आहे, आणि तो मी नुकसान करून शिकलो. नायलॉन पाणी पिते.

सुरुवातीच्या वर्षांत, मे महिन्यात, संत्री धुण्याच्या मशीनसाठी मी काही बुश बनवले. ड्रॉइंगवर होते तितके, अगदी नेमके माप. बसवले तेव्हा शाफ्ट लोण्यासारखा फिरला. नोव्हेंबरात आंबिया बहाराची संत्री आली, मशीन सुरू झाले, बुश सतत पाण्यात राहिले आणि दोनेक आठवड्यांत शाफ्ट जाम. मोटर जळाली. ऐन हंगामात त्या माणसाचे काम बंद पडले. चूक ड्रॉइंगची नव्हती, माझी होती. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कापलेले नायलॉन आणि पाण्यात बुडालेले नायलॉन एका मापाचे राहत नाही, हे मला माहीत असायला हवे होते.

मघाची टिचबटणे आठवा. पाण्याचा रेणू लहान असतो आणि त्यालाही त्याच बटणात अडकायला आवडते. तो दोन साखळ्यांच्या मध्ये घुसतो, एक बटण सोडवतो आणि स्वतः तिथे बसतो. साखळ्या थोड्या दूर होतात, तुकडा फुगतो, मऊ होतो. साध्या दमट हवेतही नायलॉन ६ आपल्या वजनाच्या अडीच-तीन टक्के पाणी घेते. पाण्यात बुडवून ठेवले तर नऊ टक्क्यांच्या आसपास. ५० मिलिमीटरच्या बुशात माप एक टक्का जरी वाढले, तरी अर्धा मिलिमीटर झाला. आमच्या कामात अर्धा मिलिमीटर म्हणजे फार.

मजेची गोष्ट अशी की हे पाणी नायलॉनला हवेही असते. अगदी कोरडे नायलॉन ठिसूळ असते, आपटले की तडकते. म्हणून काही ठिकाणी नवे भाग मुद्दाम पाण्यात उकळतात, म्हणजे ते चिवट होऊनच बाहेर पडतात. उलट मोल्डिंगवाले दाणा मशीनमध्ये टाकण्याआधी चार-चार तास वाळवतात, कारण वितळताना आत पाणी असले की साखळ्याच तुटतात आणि मालावर चांदीसारखे पट्टे येतात. एकाच पदार्थाला एका खोलीत वाळवायचे आणि दुसऱ्या खोलीत भिजवायचे. नव्या पोरांना हे पटायला वेळ लागतो.

दुसरी अडचण उष्णतेची. नायलॉनमधून उष्णता फार हळू बाहेर जाते, पोलादाच्या मानाने शेकडो पटीने हळू. आणि तापल्यावर ते पोलादाच्या सात-आठ पट पसरते. भरधाव फिरणाऱ्या शाफ्टवर नायलॉनचा बुश लावला तर उष्णता आतच साचते, बुश पसरून शाफ्टला आवळतो, मग आणखी तापतो. हळू गतीच्या, दणके खाणाऱ्या जागी नायलॉन चांगले. वेगाच्या जागी नको.

टूथब्रशचे केस दिवसातून दोनदा भिजतात. ते मऊ पडू नयेत म्हणून त्यांना बहुतेकदा नायलॉन ६१२ नावाचा चुलतभाऊ वापरतात. त्याच्या साखळीत अमाइड कड्या दूर दूर असतात, म्हणून तो पाणी कमी पितो.

मग मांजा का कापतो?

आता पुतणीच्या प्रश्नाकडे. ब्रशचा केस साधारण मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतका जाड असतो. म्हणजे जाडीच्या बाबतीत तो मांजापेक्षा बारीकच. फरक पदार्थात नाही. ब्रशचा केस सेंटिमीटरभर लांब, एका टोकाला मोकळा, टोक घासून गोल केलेले. दाबला की वाकतो. त्याच्यावर ताण नाही.

मांजावर ताण असतो. दोन्ही टोकांना. एका टोकाला वाऱ्याने ओढलेली पतंग किंवा फांदीत अडकलेली गाठ, दुसऱ्या टोकाला चक्री धरलेला हात किंवा विजेचा खांब. मध्ये स्कूटरवरून जाणारा माणूस.

हिशेब करून पाहू. धाग्याची जाडी ०.४ मिलिमीटर, गळ्याला तो ५ सेंटिमीटर लांबीवर टेकला. टेकलेले क्षेत्र झाले ०.२ चौरस सेंटिमीटर. धाग्यावर १० किलोचा भार आला, तर दाब चौरस सेंटिमीटरला ५० किलो. आपण उभे असतो तेव्हा तळपायांवर चौरस सेंटिमीटरला पाव किलोही नसतो. शिवाय गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला ११ मीटर. तेवढ्या वेगाने धागा गळ्यावरून सरकतो, आणि त्याला काचेची पूड लावलेली असेल तर ती करवत झाली.

सुती धाग्याच्या बाबतीत इथे एक गोष्ट घडते, जी नायलॉनच्या बाबतीत घडत नाही. सुती धागा तुटतो. सद्दी म्हणजे कापसाचे दोन-तीन सेंटिमीटरचे तंतू पिळून बनवलेला धागा. नऊ तार, बारा तार, कितीही घ्या, आत तंतूंचे तुकडेच असतात. कुठेतरी एक जागा कच्ची असतेच, आणि झटका बसला की धागा तिथे सुटतो. ताणला तर सात-आठ टक्के ताणतो आणि संपतो. नायलॉनचा मांजा मात्र मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखा एकसंध केस असतो. त्यात कच्ची जागा नाही. तो वीस-पंचवीस टक्के ताणला जातो, झटका पचवतो आणि धरून राहतो. ०.४ मिलिमीटरचा असा केस दहा किलोच्या आसपासचा भार झेलतो. तुटायच्या आधी त्याला जो वेळ मिळतो, त्या वेळात गळा चिरला जातो.

दोर म्हणून जो गुण आपण वाखाणतो, तोच हा. डोंगर चढणाऱ्याचा दोर नायलॉनचाच असतो, कारण पडणाऱ्या माणसाचा झटका तो ताणून पचवतो आणि तुटत नाही. दुचाकीच्या टायरच्या पोटात जे कापड असते तेही नायलॉनचे. ज्याच्या गळ्यावर मांजा येतो, त्याला रस्त्यावर तोलून धरणारेही नायलॉनच. आणि त्याला दवाखान्यात नेले की डॉक्टर वरच्या कातडीला जे टाके घालतात, ते अनेकदा नायलॉनच्या धाग्याचे असतात. एकसंध, गुळगुळीत केस असल्याने त्यात जंतू लपत नाहीत आणि शरीर त्याच्याशी फारसे भांडत नाही, म्हणून.

मांजाचा दुसरा त्रास संक्रांतीनंतर सुरू होतो. कापूस पावसात, मातीत कुजतो. जंतूंना त्याच्या साखळ्या तोडता येतात. नायलॉन कुजत नाही. झाडात अडकलेले ते जाळे पुढच्या पावसाळ्यात, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातही तसेच असते. घारी, बगळे, वटवाघळे पतंगीच्या दिवसांतच अडकतात असे नाही, वर्षभर अडकतात.

सुती मांजाही कापतोच की!

जुनी शुक्रवारीत पतंगा घ्यायला गेलो की हे वाक्य हमखास ऐकू येते. आमच्या आजोबांच्या वेळीही 'ओ काट' व्हायची, बोटे तेव्हाही कापायची. ते खरे आहे. काच लावलेला सुती मांजाही जखम करतो, पक्ष्यालाही आणि माणसालाही. तो निर्धोक आहे असे मी कुणाला सांगणार नाही. पण त्याची जखम धागा तुटेपर्यंतची. हा फरक छोटा नाही. मला विचाराल तर काच नसलेल्या सद्दीवरही पतंग तितकीच उंच जाते, फक्त पेच लावता येत नाहीत. मी आता तशीच उडवतो.

चिनी म्हणजे चीनमधून येतो का?

नाव 'चायना मांजा' असले तरी असे धागे आपल्या देशातही बनतात. आणि नायलॉन म्हणून विकला जाणारा प्रत्येक धागा नायलॉनचाच असेल असेही नाही, त्यात इतर प्लास्टिकही निघते. कायद्याला त्याने फरक पडत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये जी देशभर बंदी घातली, ती नायलॉनसह सर्वच कृत्रिम धाग्यांच्या मांजावर आहे. 'हा नायलॉन नाही, दुसरा आहे' असे दुकानदार म्हणाला तरी तो धागा बंदीतच येतो.

मग नायलॉनच बंद का करत नाहीत?

कारण टाके, टायर, एअरबॅग, पॅराशूट, विजेची खोकी या सगळ्यांना दुसरे काही इतक्या स्वस्तात आणि इतके खात्रीचे मिळत नाही. तरी नायलॉनचे ओझे पृथ्वीवर पडते, हेही सांगायला हवे. ॲडिपिक ॲसिड बनवताना नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, आणि तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त जोरदार आहे. चांगले कारखाने तो अडवून नष्ट करतात. नायलॉन ६ ची एक जमेची बाजू अशी की त्याची साखळी परत उलगडून कॅप्रोलॅक्टमच्या बांगड्या करता येतात आणि नवे नायलॉन घडवता येते. मासेमारीच्या टाकून दिलेल्या जाळ्यांपासून असे धागे बनतात. पण गोंद, रंग आणि काचेची पूड फासलेला मांजा त्यासाठी कुणी घेत नाही.

माझ्या शहराने हा पदार्थ नीट ओळखावा असे मला वाटते. हे कापसाचे शहर. १८७७ च्या १ जानेवारीला इथे एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि कोष्टी समाजाने त्याच्याही आधीपासून इथे सूत विणले. धाग्याचे गुणदोष हाताने ओळखणारी माणसे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. तुटणारा धागा कुठे हवा आणि न तुटणारा कुठे, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नसते.

घरात काय लक्षात ठेवायचे

आपल्याकडे प्लास्टिकच्या सगळ्याच दोऱ्यांना नायलॉनची दोरी म्हणतात. ओळखायचे सोपे आहे. तुकडा साबणाच्या पाण्यात बोटांनी चोळा, म्हणजे अडकलेली हवा निघेल, आणि बादलीत सोडा. तरंगला तर तो पॉलिप्रोपिलिन किंवा पॉलिथिन. नायलॉन बुडते. पॉलिएस्टरही बुडते, पण तरंगणारी दोरी नायलॉनची नाही एवढे नक्की. विहिरीला किंवा वजन उचलायला दोर घेताना ही परीक्षा करून पाहा.

ऊन हा नायलॉनचा शत्रू. त्यातले अतिनील किरण साखळ्या तोडतात. गच्चीवर डिशची वायर बांधलेली पांढरी केबल टाय दोन-तीन उन्हाळ्यांत बोटाने मोडते, ती यामुळेच. उघड्यावर बांधायची असेल तर काळी घ्या. काळ्यातली काजळी ऊन अडवते. हीच गोष्ट मांजाबद्दल सांगून काही जण म्हणतात की उन्हाने तोही तुटेलच. तुटेल, पण पानांच्या सावलीत वर्षे लागतील.

नायलॉनचा काळा उलथणा तव्यात तसाच ठेवू नका. तो लगेच वितळणार नाही, पण गरम अन्नात त्यातले लहान रेणू उतरू शकतात. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये सांगितले की ७० अंशांपेक्षा गरम अन्नाशी अशा चमच्यांचा संबंध शक्य तितका थोडा वेळ यावा. फोडणीला लाकडी किंवा स्टीलचा बरा.

आणि मांजाची होळी करू नका. जमवलेला मांजा चौकात जाळायचा उत्साह मी समजू शकतो, पण नायलॉनमध्ये नायट्रोजन असतो. ते धुमसत जळले की कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो. दोन्ही विषारी. भोवती लहान मुले उभी असतात.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मी आणि पुतणी गच्चीवरून, अंगणातून, पोचता येईल तेवढ्या फांद्यांवरून धागे गोळा करतो. हातात जाड मोजे, सोबत कात्री. गोळा तसाच कचऱ्यात टाकला तर कुत्री, गाई, डंपिंगवरचे बगळे त्यात अडकतात. म्हणून बोटभर लांबीचे तुकडे करतो आणि जुन्या बाटलीत भरून झाकण लावून देतो. विजेच्या तारेवरच्या धाग्याला हात लावायचा नाही. नायलॉन वीज वाहत नाही, पण त्यावर फासलेली पूड धातूची असू शकते आणि सकाळच्या दवाने धागा ओला असू शकतो. तो वीज कंपनीच्या माणसाला सांगायचा.

झाडावर पक्षी अडकलेला दिसला तर धागा ओढू नका. ओढला की तो पंखात आणखी खोल जातो. पोचता येत असेल तर पक्ष्याच्या दोन्ही बाजूंनी धागा कापा, पंखात रुतलेला भाग तसाच राहू द्या. मऊ कापडात गुंडाळून, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, पाणी पाजू नका, आणि सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्राला, घेऊन जा. पोचता येत नसेल तर अग्निशमन दलाला किंवा वनविभागाला फोन करा, आणि ते येईपर्यंत त्या झाडाखालीच थांबा.